चारही चाकं ओढणारी जीप

उदगीर, ३ जुलै २०२३

अश्वजितास विरूपाक्षचा शरणार्थ.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. तुझी वहिनी म्हणाली, "तो उचलणार न्हाई. मागच्या बारीला तुम्ही त्याला एक शब्द बोलू दिला का?" म्हणून कागद घेतला.

मुद्दा असा. आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे अमरनाथने, नवी गाडी घेतली आहे. काळी, आणि एवढी उंच की तुझ्या वहिनीला चढायला स्टूल लागतं. दार उघडं राहिलं तर गाडी बाईच्या आवाजात बोलते, पट्टा लावला नाही तर बोलते, मागे भिंत आली तर किंचाळते. परवा देगलूर रस्त्याच्या शेतात न्यायला सांगितली. बांध ओलांडला न ओलांडला तोच लाल दिवा लागला आणि बाईसाहेब जागच्या हलेनात. चिरंजीव म्हणाले, सेन्सर ओला झाला. मी म्हटलं, बाबा, शेतात ओल असते, ती नसती तर तुझ्या आजोबांनी डाळमिल कशावर काढली असती?

तर हे शहाणे आता म्हणतात की आजोबांची, म्हणजे आमच्या अप्पांची, जीप भंगारात द्या, जागा अडते. लष्कराच्या लिलावात घेतलेली, चारही चाकं ओढणारी जीप! आख्ख्या उदगीर बाजारात तेव्हा तशी एकच होती. मी पैज लावली. सत्तावीस ऑगस्टला अहमदपूरजवळ या पोरांचा चिखलात गाड्या घालण्याचा मेळा आहे. तिथे जीप घालतो. निघाली, तर मिलच्या फाटकात चौथरा बांधून तिला वर उभी करायची आणि संगमरवरी पाटी लावायची. रुतली, तर भंगारवाल्याला फोन मी स्वतः करीन.

जीप सहा वर्षं शेडमध्ये उभी आहे. तू एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलास आणि तुझा बाप, लिंबाजी, तेवीस वर्षं आमच्याकडे तीच जीप चालवत होता. तेव्हा चार दिवस येऊन तिला उठवून दे. बाकी खुशाल. मिलच्या कडुलिंबाला टांगलेला टोल वाजला, एक झाला. जेवायला जातो.

विरूपाक्ष


नांदेड, ११ जुलै २०२३

विरूपाक्षअण्णांना जयभीम.

फोन उचलत नाही, त्याचं कारण वहिनींनी बरोबर सांगितलं. फोनवर तुम्ही बोलता आणि मी हूं हूं करतो. कागदावर दोघांना सारखीच जागा मिळते. तेव्हा यापुढेही पत्रच टाका.

आता जीपबद्दल. तेहतीस वर्षं मी एसटीच्या गाड्यांखाली उताणा पडून काढली. त्यावरून एक सांगतो. जुन्या गाडीला भरवशाची म्हणणारे लोक दोनच प्रकारचे असतात. एक, ज्यांच्याकडे ती गाडी नाही. दोन, ज्यांच्याकडे ती आहे आणि ड्रायव्हरही आहे. ड्रायव्हर सकाळी साडेपाचला उठून रेडिएटरात पाणी घालतो, ब्रेक चार वेळा दाबून बघतो, उतारावर लावून ठेवतो म्हणजे बॅटरीनं दगा दिला तरी ढकलून चालू होईल. साडेआठला मालक येऊन बसतात, गाडी निघते, आणि मालक म्हणतात, काय भरवशाची गाडी आहे.

तुमच्या जीपचा ब्रेक तिसऱ्या दाबाला लागायचा. दारातून पाणी यायचं, छतातून यायचं, आणि एकदा खालूनही आलं होतं. स्टिअरिंग अर्धा वेढा फिरवल्यावर चाकाला बातमी कळायची. अमरनाथच्या गाडीवर हसायचं तर जरूर हसा, ती हसण्यासारखीच आहे. पण या दोन गाड्यांत फरक एवढाच की तिच्यात बाई बोलते आणि हिच्यात माझा बाप गप्प बसायचा.

मी येणार नाही. माझं ऐकाल तर मेळ्यालाही नेऊ नका. चौथरा बांधायचा तर तसाच बांधा, पैज मोडली म्हणून सांगा. चिखलात मात्र तिला घालू नका. कारण विचारू नका.

आई, नागुबाई, बरी आहे. चौऱ्याऐंशी सुरू आहे. तुमची आठवण काढली तर म्हणाली, "इरूपाक्ष अजून तसाच मोठ्यानं बोलतो का?" मी म्हटलं, आता लिहितोसुद्धा मोठ्यानं.

अश्वजित


उदगीर, २० जुलै २०२३

अश्वजित,

कारण विचारू नका म्हणे! रिटायर झालेल्या मेकॅनिकचं कारण मला माहीत आहे. कंबर धरली असेल, आता जीपखाली शिरवत नसेल. तसं सरळ लिही की.

ब्रेकचं, पाण्याचं मला सांगू नकोस. तिला मी ओळखतो, तिच्यामुळे मी जिवंत आहे. तू तेव्हा नांदेडला होतास, म्हणून पुन्हा सांगतो. पंच्याण्णव सालची पंचमी. बहिणीला, सिद्धम्माला, माहेरी आणायला मी लिंबाजीसोबत जीप घेऊन मुखेडकडच्या तिच्या सासरी गेलो होतो. दोन दिवस पाऊस धो धो, आणि दुपारी माझ्या पोटात अशी कळ उठली की मी आडवाच झालो. अपेंडिक्स फुटलं होतं. गावाबाहेर नाला भरून वाहत होता, पलीकडे दोन कोस काळी माती. बैलगाडीवाला नाही म्हणाला, ट्रॅक्टरवाला नाही म्हणाला.

आणि तुझा बाप! पेशंटला न्यायचंय आणि हा पठ्ठ्या दाजींना म्हणतो, तुरीची चार पोती द्या. मी तडफडतोय आणि हा मागे पोती रचतोय. मला त्या पोत्यांवरच झोपवलं. मग टायरपाशी बसून फुस्स फुस्स करत हवा सोडत राहिला. मी डोळे मिटून येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. पण मग त्याने तो छोटा दांडा ओढला, अप्पा ओढायचे तोच. इंजिनचा आवाज बदलला, जीप गुरगुरली, आणि चारही चाकांनी मला उचलून पलीकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर नेणारे चारच लागले असते.

अप्पांनी नंतर लिंबाजीला पोती भिजवल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं. तरीही तो हसत होता. तुझ्या बापाच्या डोक्यात थोडा भुसा होताच, रागावू नकोस, सगळं उदगीर म्हणायचं. तशा गाडीत तर म्हैस बसवली असती तरी नाला पार झाला असता.

पाटीचा मजकूर तयार आहे. "या जीपने श्रावण १९९५ मध्ये चारही चाकांच्या बळावर पूर ओलांडून श्री. विरूपाक्ष यांचे प्राण वाचविले." कसा वाटतो? तू येत नाहीस तर इथला दगडोबा मिस्त्री इंजिन खोलतोय. पार्ट तरी पाठव.

विरूपाक्ष


नांदेड, २ ऑगस्ट २०२३

विरूपाक्षअण्णा,

सविनय लिहिणार होतो. तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि तो शब्द गळून पडला.

मजकूर छान आहे. व्याकरण शुद्ध आहे. मला एवढंच कळत नाही की जीपनं प्राण वाचवले म्हणजे काय केलं. ती स्वतःहून शेडमधून निघाली? नाल्यापाशी थांबून तिनं विचार केला? तुमच्या घरात दर दसऱ्याला जीपला हार घालायचे, चाकाखाली लिंबं ठेवायचे, आणि म्हणायचे, बघा, लिंबाजी नेमका आजच रजेवर. तो दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीला जायचा. वर्षातून एकच रजा घ्यायचा. जीपला तेवीस हार मिळाले, त्याचं मला काही नाही, लोखंडाला फुलं घातली तर फुलंच वाया जातात. पण तुम्ही म्हशीचं लिहिलंत. म्हशीला जमलं असतं तर अप्पांनी म्हैस ठेवली असती, तिला पगार लागत नाही आणि दूधही देते.

पोत्यांचं आणि हवेचंही तुम्ही लिहिलंत. त्यावर मी आज काही लिहीत नाही. फक्त एवढं मागतो. पाटी लावाल तेव्हा शेवटी एक ओळ घाला, "चालक : लिंबाजी." आडनाव नको, श्री. नको. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन. जिथं त्यांनी जन्म घालवला त्या फाटकात एवढी दोन शब्दांची जागा असू द्या. तेवढ्यासाठी मी पार्ट पाठवतो आहे. ब्रेकचं किट, पाण्याचे दोन पाइप, पंख्याचा पट्टा. उद्याच्या उदगीर गाडीच्या कंडक्टरकडे पार्सल आहे, माझं नाव सांगून घ्या.

आणि चिखलात घालू नका. दुसऱ्यांदा लिहितोय.

अश्वजित


उदगीर, १८ ऑगस्ट २०२३

अश्वजित,

पार्सल मिळालं. दगडोबाने सगळं बसवलं आणि जीप काल चालू झाली. पहिल्या फटक्यात नाही, सातव्या. धूर एवढा की शेजारच्या केवळाबाईने वाळत घातलेले पापड उचलले आणि मला ऐकू येईल अशा आवाजात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण चालू झाली! अमरनाथचं तोंड बघण्यासारखं होतं.

ओळीचं म्हणशील तर नाही. आज ड्रायव्हरचं नाव टाकलं, उद्या दगडोबा म्हणेल माझं टाका, परवा चहावाली गुणाबाई म्हणेल माझ्या चहाशिवाय जीप कुठे निघत होती? पाटी आहे का लग्नपत्रिका? चालवणारा पगार घेतो आणि चालवतो, त्यात पाटीवर कोरण्यासारखं काय? राग मानू नकोस, व्यवहाराची गोष्ट आहे. संगमरवरवाल्याला मजकूर दिला, खोदाई झालीसुद्धा.

तू दोनदा घाबरवलंस, त्याचा अर्थ मला कळला. लिंबाजीच्या मागे ही जीप दुसरं कोणी चिखलातून काढेल, हे तुला बघवत नाही. सत्तावीसच्या रविवारी मी स्वतः चालवणार आहे. छोटा दांडाही मीच ओढणार. अप्पांनी मला त्याला कधी हात लावू दिला नव्हता, माहीत आहे? म्हणायचे, "चार चाकं जोडायचं काम मालकाचं."

विरूपाक्ष


उदगीर, २८ ऑगस्ट २०२३

अश्वजित,

शरणार्थ वगैरे काही नाही.

काल काय झालं ते ऐक. यंदा सगळा ऑगस्ट कोरडा, सोयाबीन करपून चाललंय, आणि या पोरांनी पडीक रानात पाण्याचे टँकर ओतून चिखल केला होता. सात वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्याला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे टँकर ओतून चिखल! पोरांच्या अंगात शिकाऱ्यासारखे कपडे आणि चिखल उडाला की ओल्या रुमालाने तोंड पुसतात. अमरनाथची गाडी लाल दिवा लावत, किंचाळत, पण गेली. पलीकडे पोचली. मग लाउडस्पीकरवर माझं नाव घेतलं. "आता येत आहे अस्सल फोर-व्हील, उदगीरची शान." पाचशे माणूस असेल. मी दांडा ओढला. आवाज बदलला, तोच आवाज. माझ्या अंगावर काटा आला.

आणि चिखलाच्या मधोमध जीप बसली. मी गॅस देतोय, मागची चाकं भिंगरीसारखी फिरतायत, आणि एक पोरगी ओरडली, "काका, पुढची चाकं फिरतच न्हाईत!" हशा पिकला. एक जण खाली वाकला आणि मोबाइल धरून म्हणाला, "अरे, हिला तर पुढच्या चाकांना ओढणारा शाफ्टच न्हाई! ही फोर-व्हील न्हाईच, ही तर टू-व्हील हाय!" मला अमरनाथच्या गाडीने दोर बांधून ओढून काढलं. माझ्याच पोराने. त्याचा व्हिडिओ लातूरपर्यंत फिरतोय.

दगडोबाला फाडून खाल्लं. तो म्हणाला, "मला वाटलं मालकांना माहीत असंल. जुन्या जीपांचा पुढचा शाफ्ट समद्यांनीच काढलेला असतो, डिझेल वाचाया." समद्यांनी! आमच्या अप्पांनी? चारही चाकांच्या नावावर ज्यांनी तालुक्यात मान मिळवला त्यांनी?

आता मला तुझं "कारण विचारू नका" समजलं. तेवीस वर्षं ती जीप एका माणसाच्या हातात होती. गॅरेजला तोच न्यायचा. शाफ्ट जागच्या जागी असता तर आज माझी ही फजिती झाली नसती. तो कोणी काढला आणि कोणत्या भंगारवाल्याला विकून खाल्ला, हे मला तुझ्याकडून लेखी पाहिजे. आमच्या घरचं मीठ खाल्लेल्या माणसाने हे करावं आणि त्याच्या पोराने त्याचं नाव पाटीवर मागावं, याला हिंमत लागते.

विरूपाक्ष


नांदेड, ६ सप्टेंबर २०२३

विरूपाक्ष मल्लेशअप्पा यांस,

लेखी मागितलंत, लेखी घ्या.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवणार नव्हतो. तिनं माझं तोंड बघून हिसकावलं आणि नातवाकडून वाचून घेतलं. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "शपथ तुझ्या बापाची व्हती, त्यो गेला. माझी न्हाई. लिही."

शाफ्ट १९८८ च्या उन्हाळ्यात निघाला. काढला मी. नांदेडच्या एका गॅरेजात तेव्हा मी काम शिकत होतो. माझ्या बापाने जीप आणली होती आणि शेजारी खुर्ची टाकून तुमचे अप्पा बसले होते. ते म्हणाले, डिझेल फार पितीये, पुढचा शाफ्ट उतरव. बाप म्हणाला, मालक, पावसाळ्यात लागंल. अप्पा म्हणाले, "पावसाळ्यात तू हाईस की." मग आम्हा दोघांना समोर उभं करून त्यांनी शब्द घेतला की बाजारात कोणाला कळू द्यायचं नाही, विरूपाक्षालाही नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. छोटा दांडा मात्र ठेवला. तो ओढला की लो गिअर पडायचा, इंजिन गुरगुरायचं आणि माणसं म्हणायची, चारही चाकं जोडली. अप्पा स्वतःच ओढायचे, का ते आता समजलं असेल.

म्हणजे पंचमीच्या दिवशी तुम्ही ज्या जीपमध्ये होता तिला दोनच चाकं ओढत होती. मागची. पुढची दोन नुसती सोबतीला होती. आता पोत्यांचं सांगतो. मागच्या चाकांवर वजन नसेल तर ती काळ्या मातीत नुसती घसरतात. चार पोती तूर आणि त्यावर तुम्ही, एवढं वजन त्याने बरोबर मागच्या चाकांवर ठेवलं. हवा सोडली की टायर पसरतो आणि चिखलावर जास्त जागा धरतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सात पावसाळे तो तुमच्या घराची इज्जत दोन चाकांवर ओढत होता, तेवढ्यात शिकला. पोती भिजल्याबद्दल अप्पांनी त्याला चारचौघांत झापलं, तेव्हा तो हसला, हे तुम्हीच लिहिलंय. तो का हसला, त्यावर जरा विचार करा. अप्पांना सगळं माहीत होतं. शब्द पाळायचा तर येडा ठरावं लागत होतं, तो ठरला. सगळं उदगीर म्हणत होतं, तुम्ही त्यातच होता.

मी तुम्हाला दोनदा लिहिलं, चिखलात घालू नका. त्याहून जास्त लिहिलं असतं तर बापाचा शब्द मोडला असता. तुम्ही त्याला चोर म्हणून तो माझ्याकडून मोडवलात.

आता शाफ्ट. विकून खाल्ला नाही. दोन-अडीच फुटांची नळी, दोन्ही टोकांना लोखंडी फाटे. गॅरेजातून परत नेताना बाप म्हणाला, मालक, घरात ठेवू, कधी लागला तर. अप्पा म्हणाले, घरात ठेवला तर कोणी तरी विचारंल. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगू, म्हणजे कोणी बघणार न्हाई. तुमच्या मिलच्या कडुलिंबाला पस्तीस वर्षं जो टोल टांगलाय, सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी साडेपाचला जो वाजतो, तो तुमच्या जीपचा पुढचा शाफ्ट आहे. दर दसऱ्याला तुम्ही त्याला चंदेरी रंग देता. रंग खरवडून बघा. आणि बघितल्यावर मला कळवायची गरज नाही.

अश्वजित लिंबाजी


उदगीर, २४ ऑक्टोबर २०२३
दसरा

अश्वजित,

तू कळवू नको म्हणालास, म्हणून दीड महिना कळवलं नाही. खरं कारण ते नाही. लिहायला बसलो की लाज वाटायची.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी टोल उतरवला. कामगारांना सांगितलं, साखळी बदलायची आहे. हेही खोटंच. रंगाचे थर कानशीने काढले. एका टोकाच्या फाट्यात शाफ्ट जोडायचा क्रॉस गंजून चिकटलेला आहे, दगडोबाने बघताच ओळखला. अप्पांनी टांगल्या दिवशी पहिला टोला स्वतः दिला होता आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या, हे मला आठवलं. एकोणतीस वर्षांचा घोडा होतो मी.

मग सिद्धम्माकडे गेलो. नाल्यापाशी ती माझ्या उशाशी बसली होती. विचारलं, काय पाहिलंस? म्हणाली, "लिंबाजी काठी घिऊन तीनदा नाला चालून आला. छातीएवढं पाणी. तिसऱ्या बारीला मांडीएवढ्या पाण्याची वाट गावली. मला म्हनला, अक्का, आता डोळं मिटा. मी न्हाई मिटले. तू मिटले व्हते." मी विचारलं, मग अठ्ठावीस वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, "तू कवा इचारलं?"

अश्वजित, मी तुझ्या बापाला येडा म्हणालो, म्हैस म्हणालो, चोर म्हणालो. जो माणूस माझ्यासाठी छातीभर पाण्यात तीनदा उतरला, त्याला. नागुबाईंपुढे यायचं तोंड मला नाही. तरी तू म्हणशील तेव्हा येतो आणि पायावर डोकं ठेवतो.

अप्पांचा राग येतो आणि येतही नाही. डिझेल वाचवलं, त्याचं काही नाही, आम्ही व्यापारीच. पण त्या दिवशी चारचौघांत त्याला झापायला नको होतं. मी वाचलो होतो ना.

पाटी फोडली. अमरनाथने विचारलं, मग जीप भंगारात? म्हटलं, पैज मी हरलोय, तुझी मर्जी. तुझं पत्र त्याने वाचलं होतं. म्हणाला, "राहू द्या, पप्पा. माझ्या गाडीला पण दोन चाकांवर जमलं नसतं." पोरगा वाटतो तेवढा वाया गेलेला नाही.

आज दसरा. जीपला हार घातला नाही. म्हटलं लिंबाजीच्या फोटोला घालावा, तर घरात एकही फोटो नाही. मी दवाखान्यातून आलो त्या दिवशीचा एक आहे. जीप आहे, अप्पा आहेत, मी आहे, सिद्धम्मा आहे, आणि कडेला खाकी बाहीतला एक कोपर. फोटोग्राफरने त्याला बाजूला हो म्हटलं असणार, आणि तो झाला नसणार पुरता.

तू आज नागपूरला असशील. परत आलास की एक फोटो पाठव. नवी पाटी करतोय. तिच्यावर पहिलं नाव त्याचं. मजकूर तू लिही, मला लिहिता येत नाही हे सिद्ध झालं आहे. आणि शाफ्ट बसवायचा का टोल पुन्हा टांगायचा, तेही तूच सांग.

विरूपाक्ष


नांदेड, ३० ऑक्टोबर २०२३

विरूपाक्षअण्णांना सविनय जयभीम.

पत्र आईला वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, "पाया पडू नको म्हनावं, त्याची बी कंबर धरल." आणि जेवायला बसली.

टोल जागच्या जागी टांगा. कामगारांना एक वाजलेला कळला पाहिजे. जीपला तो लागत नाही, हे सिद्ध झालं आहे.

मजकूर नंतर बघू. फोटो पाठवत नाही, घेऊन येतो. रविवारी सकाळी पोचतो. दगडोबाला सांगून ब्रेक तेवढा बघून ठेवा आणि जीप उतारावर लावून ठेवा. आपण सिद्धम्माअक्कांच्या गावाला जाऊ. नाल्यात आता पाणी नसेल, पण चढ तोच आहे आणि माती तीच आहे. तुरीची चार पोती लागतील. ती मागे ठेवा.

तुम्ही पोत्यांवर झोपू नका. पुढे माझ्या शेजारी बसा, आणि या वेळी डोळे उघडे ठेवा.

अश्वजित